20 कोटी येनांची कोई: एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार. 2018 साली हिरोशिमातल्या एका लिलावात सुमारे एक मीटर लांबीची कोहाकू कोई (कोई म्हणजे शोभेसाठी पाळायचा रंगीत कार्प मासा, कोहाकू म्हणजे पांढऱ्या अंगावर लाल ठिगळांची त्याची जात) 20 कोटी 30 लाख येनांना गेली, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण 13 कोटी रुपयांना, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता, ही श्रीमंतांची मस्ती आहे आणि जिवाची किंमत रंगावरून ठरवणं ही विकृती. तुमची चीड खरी आहे, पण निष्कर्ष मला पटत नाही.

हा छंद शेतकऱ्यांच्या खाचरांत जन्मला. निइगाता प्रांतातलं यामाकोशी म्हणजे डोंगरउतारावरची भातशेती आणि हिवाळ्यात घरं बुडतील इतका बर्फ. वाटा बंद झाल्या की खायला असावेत म्हणून लोक शेततळ्यांत कार्प पाळत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांतल्या काहींच्या अंगावर रंग दिसू लागले. ते मासे लोकांनी खायचे सोडून जपले, त्यांची पैदास केली, आणि 1914 च्या तोक्योतल्या प्रदर्शनात साऱ्या जपानने ते पाहिले.

मादी लाखांनी अंडी घालते. पिल्लं जेमतेम ओळखू येण्याएवढी झाली की निवड सुरू होते, ती उन्हाळाभर फेऱ्याफेऱ्यांनी चालते आणि मोजकीच उरतात. ती मातीच्या तळ्यांत वाढतात. ऑक्टोबरात तळं उपसेपर्यंत रंग टिकला की विस्कटला, हे पाळणाऱ्यालाही कळत नाही. कोहाकूच्या लाल ठिगळाची पुढची कड नीट बघा. तिथे पांढरे खवले लालावर चढलेले असतात, म्हणून ती गुलाबीसर, धूसर दिसते. मागची कड मात्र रेखीवच लागते. एवढं जमून येण्यामागे घराण्याच्या दोन-तीन पिढ्यांची मेहनत असते आणि पैसा तिला मिळतो.

23 ऑक्टोबर 2004 च्या भूकंपात यामाकोशीचे रस्ते दरडींखाली गेले, अख्खं गाव हलवावं लागलं. वाचलेले मासे नंतर हेलिकॉप्टरने बाहेर काढले. तुम्हाला हाही अतिरेक वाटेल. पण पैदाशीचे मासे गेले असते तर त्या घरांचं बियाणंच गेलं असतं. रस्ते झाल्यावर परतायला त्यांच्याकडे कारण उरलं नसतं.

निवडीत नाकारलेल्या पिल्लांबद्दल मात्र तुमची चीड रास्तच आहे. त्यांतली बहुतेक मरतात, आणि सौंदर्यासाठी हे चालतं, असं मी म्हणणार नाही. त्याचा त्रास मलाही होतो.

पण माझा खरा राग स्वस्त माशाच्या गिऱ्हाइकावर आहे. शे-दोनशे रुपयांना बोटभर कोई आणायची, हॉलमधल्या दोन फुटी काचेच्या टाकीत कोंबायची. नीट वाढली तर तीच दोन फुटांची होते. मग ती टाकीत मावेना की नदीत सोडून द्यायची आणि तिथल्या देशी माशांच्या मुळावर उठायचं. उलट महागडी कोई घेणारे कित्येक जण ती पैदास करणाऱ्याच्याच तळ्यात ठेवतात, त्याचे पैसे भरतात आणि वर्षातून एकदा बघायला जातात. विकृती शोधायचीच तर मी ती आधी त्या दोन फुटी टाकीत शोधेन.