'दिल्ली क्राइम'चा दुसरा सीझन बघितलाय, की फक्त क्लिप?

छोटीशी क्लिप आणि खाली लांबलचक मजकूर, असा एक मेसेज सध्या फिरतोय. क्लिप 'दिल्ली क्राइम' या नेटफ्लिक्सवरच्या पोलिसी सिरीजच्या दुसऱ्या सीझनमधली. मजकुराचा गोषवारा असा: ही सिरीज दिल्लीच्या माजी पोलिस आयुक्तांच्या पुस्तकावर आहे, म्हणजे शंभर टक्के खरी. काही जमाती जन्मजात गुन्हेगार असतात हे तिच्यात उघड दाखवलंय. पोलिसांकडे त्यांच्या याद्या असतात, पण वकील आणि मानवाधिकारवाले त्या वापरू देत नाहीत. आणि हे सत्य पचलं नाही, म्हणून पहिल्या सीझनला एमी हा टीव्हीचा पुरस्कार देणाऱ्यांनी दुसऱ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. शेवटी अर्थातच 'आपल्या सोसायटीच्या सुरक्षेसाठी पुढे पाठवा'.

असले मेसेज मी एरवी सोडून देते. हा मामांकडून आला. मामांची उभी हयात बँकेत आकडे ताडून बघण्यात गेली, आणि हा मेसेज त्यांनी न ताडता पाठवला. खाली स्वतःची ओळही जोडली: 'भंगार गोळा करायला बायका येतात, त्यांच्याबद्दल सेक्रेटरींशी बोललोय.' इथे मात्र डोकं फिरलं. पुढे रहस्य फोडणार आहे. सीझन ऑगस्ट २०२२ मध्ये आला, आता तक्रार नको.

'शंभर टक्के खरी' हे आधी उरकते. माजी पोलिस आयुक्त नीरज कुमार यांच्या पुस्तकातल्या एका प्रकरणाचा या सीझनला आधार आहे, हे बरोबर. पण आधार घेतला म्हणजे केस डायरी उतरवून काढली असं होत नाही. तपासाची प्रमुख वर्तिका चतुर्वेदी, तिच्या हाताखालचे नीती, भूपेंद्र ही पोलिस पात्रं, त्यांची घरं, त्यांचे संवाद लेखकांनी रचलेत. सिरीजमधल्या पात्राच्या तोंडचं वाक्य पोलिस खात्याचा अहवाल म्हणून फिरवायचं असेल, तर मग बोलायलाच नको.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे ते 'जन्मजात'.

सीझनची गोष्ट अशी. दक्षिण दिल्लीत श्रीमंत, वयस्कर माणसांचे घरात घुसून निर्घृण खून होतात. मारेकऱ्यांची तोंडं झाकलेली, अंगाला तेल, कपडे म्हणजे चड्डी आणि बनियन. ही जुन्या 'कच्छा-बनियान' टोळीची पद्धत. वर्तमानपत्रं बोंबलतात, वरून दबाव येतो, आणि या टोळ्यांचे जाणकार म्हणून चड्ढा नावाच्या निवृत्त अधिकाऱ्याला बोलावलं जातं. क्लिपमध्ये आहे ते याच चड्ढाचं व्याख्यान: ही माणसं अशीच, यांच्या रक्तातच आहे, वगैरे. वर्तिकाला ते पटत नाही, तरी ती त्याला काम करू देते. मग वस्तीवर धाडी पडतात, माणसं उचलली जातात, ठाण्यात रांगा लागतात.

आणि पुढे? खून त्यांनी केलेलेच नसतात. मारेकरी वेगळेच, आणि त्यांची सूत्रधार ब्युटी पार्लरमध्ये काम करणारी, स्वतःचं पार्लर काढायची आस असलेली एक बाई. या टोळीनं जुन्या टोळीची नक्कल केलेली असते. अंगाला तेल फासून बनियन घातलं की पोलिसांची नजर आपसूक कुठल्या वस्तीकडे वळणार, हे सांगायला कुणी जाणकार लागत नाही. सीझनचा सगळा डोलारा या एका गोष्टीवर उभा आहे: चड्ढा चुकतो. मेसेजनं पुरावा म्हणून जे दाखवलंय, ते सिरीजनं स्वतःच खोटं पाडलंय. सरतपासणी छापायची आणि उलटतपासणी गाळायची, असला हा उद्योग आहे.

'पण ही सिरीज झाली, प्रत्यक्षात काय?' मामा हे विचारणारच. तर प्रत्यक्षातलं ऐका, आणि तेही आपल्याच महाराष्ट्रातलं.

२००३ मध्ये नाशिकजवळ एका कुटुंबावर रात्री दरोडा पडला. खून झाले, बलात्कार झाले. भटक्या जमातींतल्या सहा गरीब मजुरांना अटक झाली. सत्र न्यायालयानं सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयानं तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली, तर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सहाही जणांना फाशी सुनावली. पुढे तोच निकाल फेरविचारासाठी उघडला गेला आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयानं सगळ्यांना निर्दोष सोडलं. तोवर त्यांची सोळा वर्षं तुरुंगात गेली होती. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायला राज्य सरकारला सांगितलं, चुकलेल्या पोलिसांवर कारवाई करायला सांगितलं.

त्या निकालातला एक तपशील मामांनी चष्मा लावून वाचावा. हल्ल्यातून वाचलेल्या बाईला घटनेनंतर लगेच, ७ जून २००३ रोजी, पोलिसांच्याच अल्बममधले सराईत गुन्हेगारांचे फोटो दाखवले होते. तिनं चौघांकडे बोट दाखवलं. ते चौघे या सहांपैकी नव्हते. त्या चौघांचा पुढे तपासच झाला नाही. म्हणजे डोळ्यांनी बघितलेल्या साक्षीदाराचं बोट एकीकडे आणि तपास दुसरीकडे. गरीब, भटके, मागे कुणी उभं न राहणारे सहा जण हाताशी आल्यावर चौघांना शोधतं कोण! फाशीपर्यंत ताणलं गेलेलं हे प्रकरण आहे, आणि हे कुठल्या पटकथाकारानं लिहिलेलं नाही.

'जन्मजात' हा शोध ना चड्ढाचा, ना मेसेज लिहिणाऱ्याचा. तो १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा. इंग्रजांनी अख्ख्या जमाती कागदावर गुन्हेगार ठरवल्या. नोंदणी, पोलिसांकडे हजेरी, गाव सोडायचं तर पास, आणि पुढे कुंपणाआडच्या सेटलमेंट. सोलापूरची सेटलमेंट आपल्याकडे कुणाला सांगायला नको. गुन्हा केला की नाही हा प्रश्नच नव्हता, कुणाच्या पोटी जन्मलात एवढं पुरे होतं. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला, म्हणून या जमाती 'विमुक्त'. कायदा गेला तरी त्याची सवय सुटली नाही, हे २००३ च्या त्या प्रकरणात दिसतंच. मामा, भंगारवाल्या बायकांच्या बाबतीत तुम्ही सेक्रेटरींकडे जे केलंत, तेही त्याच सवयीतलं. त्यांच्यापैकी एकीनं तरी तुमच्याकडचं काही उचललंय का? नसेल, तर कृपया सांगितलेलं मागे घ्या.

आता अर्धसत्य. चड्डी-बनियन घालून, तेल लावून दरोडे घालणाऱ्या टोळ्या होत्या, लोक त्यांत मारले गेले, हे खोटं नाही. त्यांतल्या काही टोळ्यांत विशिष्ट समाजाची माणसं असतीलही. पण टोळी म्हणजे पाच-दहा माणसं, जमात म्हणजे लाखो. बँकेत अफरातफर झाली म्हणून मामांच्या आडनावाच्या सगळ्या कॅशिअरांना कुणी हजेरी लावायला बोलावलं नव्हतं.

आणि मनात नसताना कबूल करते, की ही क्लिप इतकी चालते यात सिरीजचाही दोष आहे. चड्ढाला सणसणीत भाषण मिळालंय, नट दानिश हुसेन असल्यावर ते ठसणारच. तेलानं चमकणाऱ्या अंगांवर कॅमेरा नको तितका रेंगाळतो. उलट ज्यांना उचललं जातं, त्यांना गोष्टीत फारसं बोलायला जागाच नाही. ते मार खातात, घाबरतात, पळतात. त्यांची घरं, त्यांची रोजची कामं आपल्याला दिसत नाहीत. त्यांच्यातूनच शिकून वर आलेला एक तरुण वकील आहे, पण तोही कामापुरता. सगळी तगमग वर्तिकाच्या वाट्याला. शेफाली शाह ती अप्रतिम करते, पण अन्याय कुणावर झाला आणि अस्वस्थता कुणाची दिसते, हा हिशेब सीझनला नीट जुळवता आलेला नाही.

यादी वापरू दिली तर गुन्हे थांबतील, या मुद्द्यावर फार शाई खर्च करत नाही. गोष्टीत यादी वापरली जाते, अगदी मनसोक्त, आणि तेवढ्या वेळात खून चालूच राहतात. खऱ्या जगात, मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली पोलिसांच्याच एका हिस्ट्रीशीटच्या, म्हणजे सराईत ठरवलेल्यांवर नजर ठेवायच्या नोंदीच्या, प्रकरणात बजावलं, की मागास समाजातल्या निरपराध लोकांची नावं यांत्रिकपणे त्यात चढवू नका. तेव्हा 'मानवाधिकारवाले' म्हणायचं असेल, तर त्यात न्यायमूर्तीही धरा.

राहिली एमी. पहिल्या सीझनला २०२० मध्ये सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेची आंतरराष्ट्रीय एमी मिळाली. दुसऱ्यातल्या भूमिकेसाठी शेफाली शाहला २०२३ मध्ये त्याच पुरस्कारांत अभिनेत्रीचं नामांकन होतं. याला ढुंकूनही न पाहणं म्हणत असतील तर नाइलाज आहे.

सीझनला मोठा पुरस्कार मिळाला नाही याची कारणं बघायला कुठल्या कटात शिरायची गरज नाही, ती पडद्यावरच आहेत. दिग्दर्शक रिची मेहतांचा पहिला सीझन सात भागांत एकाच गुन्ह्याचा माग काढत होता आणि दम घेऊ देत नव्हता. तनुज चोप्रांच्या दुसऱ्यात पाचच भाग, आणि त्यांत खून, विमुक्तांचा प्रश्न, वर्गाची दरी, नीतीचा विस्कटणारा संसार, सगळं कोंबलेलं. नीतीचा नवरा नुसता कुरकुर करायला येतो आणि जातो. तिलोत्तमा शोमची लता, म्हणजे ती पार्लरवाली सूत्रधार, गोष्टीत उशिरा येते. ती आल्यावर सीझन एकदम जागा होतो, श्रीमंत गिऱ्हाइकाकडे तिचं ते बघणं अंगावर येतं, आणि तिची ओळख होतेय तोवर पाठलाग सुरू. तिला आणखी एक भाग द्यायला हवा होता.