‘शाळा बदलली, प्रसूती रजा गेली’ म्हणे!

परवा रात्री साडेदहाला भाचीचा फोन. "मावशी, झोपलीस का?" ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. नोकरीला आठ वर्षं झाली, आणि नुकतीच आंतरजिल्हा बदली होऊन माहेरच्या जिल्ह्यात आली आहे. पाचवा महिना चालू आहे. घरापासून वीस मिनिटांवर शाळा मिळालेली पोरगी खुशीत असायला हवी होती, तर ही मुसमुसत होती. बिनपगारी रजेचा अर्जही लिहून ठेवला होता. कारण? शिक्षकांच्या ग्रुपवर आलेला एक निरोप.

तो तिने मला पाठवला. वर लाल दिव्याचं चित्र, खाली ‘जास्तीत जास्त भगिनींपर्यंत पोहोचवा’. मधला मजकूर थोडक्यात असा. शाळा बदलली की मागची सेवा शून्य होते आणि नव्या शाळेत एक वर्ष भरल्याशिवाय प्रसूती रजा नाही. शिक्षिका ‘कामगार’ नसल्याचं सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय, त्यामुळे मातृत्व कायदा त्यांना लागू नाही. रजेत पगार अर्धा. रुजू होताना गरोदरपण लपवलं तर ती फसवणूक, पगार वसूल होणार. उलट तिसऱ्या मुलालाही आता पूर्ण रजा, कारण 2025चा निकाल. आणि शेवटी सल्ला: बदली झालेल्या किंवा शाळा बदलणाऱ्या गरोदर भगिनींनी आधीच बिनपगारी रजा टाकावी, नाहीतर राजीनामा देऊन पुढच्या जूनला नवी शाळा बघावी.

मी अनुदानित शाळेच्या कार्यालयात तीस वर्षं काढली, शेवटची नऊ मुख्य लिपिक म्हणून. प्रसूती रजेची किती प्रकरणं या हातांनी पे युनिटला, म्हणजे शिक्षकांचे पगार काढणाऱ्या कार्यालयाला गेली, मोजलेली नाहीत. म्हणून तो शेवटचा सल्ला वाचून डोकं फिरलं. बाकीचं अज्ञान म्हणून सोडून देता येईल. हा सल्ला मात्र एखादीचे सहा महिन्यांचे पैसे बुडवील. भाचीच्या हातात पन्नास हजारांच्या आसपास पगार येतो. 180 दिवसांचे तीन लाख झाले. ते तिने स्वतःच्या सहीने सोडून द्यायचे, का तर कुणीतरी लाल दिवा लावलाय!

आधी ‘मागची सेवा शून्य’ बघू. शाळा बदलणं ही एकच गोष्ट नाही, हेच निरोप लिहिणाऱ्याला ठाऊक नाही. जिल्ह्यातल्या जिल्ह्यात बदली झाली तर फक्त शाळा बदलते, मालक जिल्हा परिषदच राहतो. एकाच संस्थेच्या दोन शाळांमध्ये बदली झाली तरी तेच. अतिरिक्त ठरून दुसऱ्या संस्थेत समायोजन झालं, तर शिक्षणाधिकाऱ्यांच्या आदेशाने झालं. त्यात सेवा तुटत नाही. आंतरजिल्हा बदलीत जिल्हा परिषद बदलते, हे खरं. पण तिथे शून्य काय होतं? सेवाज्येष्ठता. म्हणजे नव्या जिल्ह्याच्या ज्येष्ठता यादीत तुमचं नाव तळाला जातं, पदोन्नती लांबते. बदली मागताना ही अट मान्य करूनच सगळ्या येतात, आणि तिचं दुःख मला कळतं. पण ज्येष्ठता वेगळी आणि सेवा वेगळी. पगार तोच राहतो, शालार्थ आयडी (ऑनलाइन पगार प्रणालीतला नंबर) तोच राहतो, सर्व्हिस बुकही तेच, फक्त पाकिटात घालून नव्या पंचायत समितीत जातं.

फोनवरच मी भाचीला तिच्या सर्व्हिस बुकची झेरॉक्स काढायला लावली. शेवटच्या नोंदीत जुन्या जिल्ह्यातून कार्यमुक्त झाल्याची तारीख, लगेच खाली नव्या ठिकाणी रुजू झाल्याची. मध्ये प्रवासाचे दिवस. आता त्या पानावर सेवा कुठे संपली ते दाखव, म्हटलं. गप्प झाली. मग मागचं रजेच्या हिशेबाचं पान काढायला सांगितलं. अर्जित रजा शिल्लक, अर्धपगारी शिल्लक, सगळं ओळीने पुढे आलेलं. सेवा शून्य झाली असती तर हे आकडे कुठून आले असते?

राज्य सरकारी कर्मचाऱ्यांची प्रसूती रजा महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 मधल्या नियम 74 खाली येते. ती 180 दिवसांची झाली 2009 मध्ये, वित्त विभागाच्या ऑगस्टमधल्या जीआरने. जिल्हा परिषदेच्या शिक्षिकांना हेच नियम लागतात. ही रजा रजेच्या खात्यातून वजा होत नाही, आणि पगार रजेवर जाण्याआधीचा, पूर्ण. अर्ध्या पगाराची गोष्ट निकालात निघाली.

एक वर्षाची अट मात्र अगदी हवेतून आलेली नाही, हे कबूल करते. कायम नसलेल्या कर्मचाऱ्यांसाठी जुन्या सरकारी नियमांत किमान सेवेची अट होती, तिचा वास या निरोपाला येतो. पण आठ वर्षं नोकरी झालेल्या बाईला ती सांगायची म्हणजे सातवी पास मुलाचा पहिलीचा दाखला मागण्यासारखं झालं.

आता राजीनामा देऊन एका खाजगी शाळेतून दुसरीत जाणाऱ्या. इथे मालक खरोखर बदलतो, म्हणून जरा थांबून बघायला हवं. मातृत्व लाभ अधिनियम 1961चा आहे. त्याच्या कलम 5ची अट साधी: प्रसूतीच्या अपेक्षित तारखेच्या मागच्या बारा महिन्यांत, जिथून लाभ मागायचा तिथे किमान 80 दिवस काम केलेलं हवं. वर्षभर नव्हे, ऐंशी दिवस. 2017च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी रजा 26 आठवडे झाली. त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीच्या आधी घेता येतात. 21 नोव्हेंबर 2025पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि कलमांचे आकडे बदलले, पण 80 आणि 26 जिथल्या तिथे आहेत.

ऐंशी दिवस किती, ते शाळेच्या कॅलेंडरवर मोजू. 16 जूनला रुजू झालात. जूनचे बारा-तेरा दिवस, जुलैचे सव्वीसेक, ऑगस्टमधून सण काढून तेवीस-चोवीस. ऑगस्टअखेर एकसष्ट ते त्रेसष्ट झाले. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ऐंशी ओलांडले. प्रसूतीची तारीख नोव्हेंबरची असेल तर ही बाई पहिल्याच वर्षी, पहिल्याच सत्रात पात्र ठरते. निरोपाप्रमाणे तिने पुढच्या जूनपर्यंत थांबायचं. बाळ थांबणार का?

तारीख ऑगस्टची असेल तर मात्र नव्या शाळेत ऐंशी भरत नाहीत. इथे निरोपवाल्याला अर्धा गुण द्यावा लागतो. नाइलाजाने देते.

पण मग त्याचाच राजीनाम्याचा सल्ला बघा. राजीनामा दिलात की जुन्या शाळेकडे मागणं म्हणजे कोर्टकचेरी, आणि नव्या शाळेत दिवस पहिल्यापासून मोजायचे. ज्या संकटाची भीती घातली, तेच हा सल्ला ओढवून आणतो. जुन्या शाळेत ऐंशी दिवस भरलेत आणि तारीख जवळ आहे, तर तिथेच रजा घ्यायची, पगार घ्यायचा आणि शाळा नंतर बदलायची. एवढं साधं आहे.

‘स्वखुशीने’ राजीनामा लिहून घेणाऱ्या संस्था मी पाहिल्या आहेत. गरोदर बाईला केबिनमध्ये बसवायचं, चहा द्यायचा आणि समोर टाइप केलेला कागद ठेवायचा. 1977च्या खाजगी शाळा कर्मचारी कायद्यात राजीनाम्यासाठी स्वतंत्र कलम 7 आहे, ते उगीच नाही. राजीनामा दोन प्रतींत हवा, दोन्हींवर सही आणि तारीख, एक रजिस्टर पोस्टाने संस्थेला, दुसरी स्वतःजवळ. केबिनमधल्या चहाची त्यात सोय नाही. हा कायदा विनाअनुदानित शाळांनाही लागतो, आणि त्याच्या 1981च्या नियमावलीत रजांमध्ये प्रसूती रजाही आहे. इंग्रजी माध्यमाच्या शाळांतल्या मुलींना हे कुणी सांगत नाही.

त्यांचा दुसरा घोर म्हणजे दहा महिन्यांची ऑर्डर. जूनला नेमणूक, एप्रिलला संपली, मेमध्ये बाळंतपण. मग रजा कसली? यावर माझं हुकमाचं पान एकच आहे, कविता यादव खटला. दिल्लीतल्या एका सरकारी रुग्णालयातल्या या कंत्राटी डॉक्टर. कंत्राट 11 जून 2017ला संपणार होतं, त्यांनी 1 जूनपासून प्रसूती रजा मागितली. उत्तर आलं, कंत्राट संपेपर्यंतच्या अकरा दिवसांचंच मिळेल. अकरा दिवसांचं बाळंतपण! 17 ऑगस्ट 2023ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला: ऐंशी दिवसांची अट पुरी झाली असेल तर मातृत्वाचा लाभ कंत्राटाच्या मुदतीपलीकडेही चालू राहतो, आणि तो पूर्ण द्यायचा. निकाल डॉक्टरचा आहे, पण त्यात अर्थ लावलाय तो याच कायद्याचा. एवढं ध्यानात ठेवा की त्यांचं कंत्राट संपलं होतं, त्यांनी राजीनामा दिला नव्हता. दहा महिन्यांची ऑर्डर आपोआप संपू द्या, तुम्ही आधी सही करून संपवू नका.

‘शिक्षिका कामगार नाहीत’ हा मुद्दा गोव्याच्या एका खटल्यातून आलाय. 1988चा सुंदरंबल निकाल. तिथे कोर्टाने शिक्षक औद्योगिक विवाद कायद्यातल्या व्याख्येत बसत नाहीत असं म्हटलं, हे शंभर टक्के खरं. पण तो कायदा वेगळा, तिथला शब्द वेगळा. मातृत्व कायद्यात शब्द आहे ‘स्त्री’. खाजगी शाळांच्या बाबतीत वाद घालणारे घालतातच, आणि केरळने 2020मध्ये खास अधिसूचना काढून तो मिटवला. आपल्याकडे तो वाद घालायला कुणी आलं तर 1977चा कायदा पुढे करायचा.

गरोदरपण लपवण्याबद्दल जास्त लिहीत नाही. एलआयसीने प्रोबेशनवरच्या नीरा माथूर यांना प्रसूती रजेवरून आल्यावर कामावरून काढलं होतं, फॉर्ममध्ये खोटी माहिती दिली म्हणून. त्या फॉर्ममध्ये मासिक पाळीच्या तारखा विचारल्या होत्या. सुप्रीम कोर्टाने बाईंना परत घ्यायला लावलं आणि ते रकानेच काढायला सांगितले. तीस वर्षं उलटून गेली त्याला.

आणि तिसऱ्या मुलाची खुशखबर. 2025चा निकाल तमिळनाडूतल्या सरकारी शाळेतल्या शिक्षिका उमादेवी यांचा. पहिल्या लग्नाची दोन मुलं आधीच्या नवऱ्याकडे होती, दुसऱ्या लग्नानंतरच्या बाळासाठी रजा नाकारली होती, ती कोर्टाने द्यायला लावली. त्यातून ‘सगळ्यांना तिसऱ्यालाही पूर्ण रजा’ कसं निघतं? आपल्या रजा नियमांत दोनपेक्षा कमी हयात अपत्यांची अट आहेच. केंद्राच्या कायद्यात दोन मुलं असतील तर पुढच्या वेळी 26ऐवजी 12 आठवडे मिळतात.

बदलीनंतर खरा त्रास होतो, तो या निरोपात कुठेच नाही. जुन्या तालुक्यातून अंतिम वेतन प्रमाणपत्र (एलपीसी) वेळेवर येत नाही, शालार्थमध्ये नाव तिकडून सुटत नाही, इकडे जोडलं जात नाही, आणि दोन-तीन महिने पगार अडकतो. त्यात रजा सुरू झाली की बाईला वाटतं, रजेमुळेच पगार बंद झाला. तो थकीत असतो, बुडालेला नसतो. पण घरभाडं आणि सोनोग्राफीची बिलं थकबाकी निघेपर्यंत थांबत नाहीत, म्हणून एलपीसीचा पाठपुरावा रजेवर जायच्या आधी करायचा, नवऱ्याला पाठवून का होईना.

भाचीने बिनपगारीचा अर्ज फाडला. नवा अर्ज मी फोनवरून सांगितला, चार ओळींचा: रुजू झाल्याची तारीख, प्रसूतीची अपेक्षित तारीख, रजा कधीपासून कधीपर्यंत, सोबत डॉक्टरांचं प्रमाणपत्र. "मावशी, कृपया मंजूर व्हावी असं लिहू का?" लिही, कृपया लिहायला पैसे पडत नाहीत. दोन प्रती कर आणि दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का घे. ती प्रत घरी आण, शाळेच्या कपाटात ठेवू नकोस.