एका साइडचे किती?

मुलीचं लग्न ठरलं, कार्यालय मिळालं, केटरर मिळाला, पत्रिकेत कोणत्या काकांचं नाव आधी घालायचं हा प्रश्नही दोन रुसव्यांत मिटला. आता सुटलो, असं म्हणेपर्यंत मुलगी म्हणाली, "बाबा, रविवारी फोटोग्राफर बघायला जायचंय." मुलगा बघायला आम्ही कुठेच गेलो नव्हतो, तो तिने स्वतःच बघून ठेवला होता. ती सगळी पायपीट बहुधा यासाठी राखून ठेवली होती.

फोटोग्राफर 'बघायचा' असतो हे मला नवीन होतं. १९९३ साली आमच्या लग्नात आळीच्या कोपऱ्यावर ज्याचा स्टुडिओ, तो फोटोग्राफर. तीन रोल ठरले होते. एका रोलमध्ये ३६ फोटो, म्हणजे एकूण १०८, जपमाळेएवढे. तो गृहस्थ एकेक फोटो असा जपून काढायचा की लांबच्या नातेवाइकांच्या वाट्याला नुसता फ्लॅशच यायचा. ते खूश, रोल शाबूत. दुसरा रोल नेमका सप्तपदीच्या तिसऱ्या पावलाला संपला. त्याने घाईघाईत तिसरा घातला, पण फिल्मचं टोक आतल्या दात्यांत अडकलंच नाही. पुढचं सगळं त्याने मनापासून टिपलं, आम्हीही मनापासून हसलो, आणि रोल धुतल्यावर कोराच्या कोरा निघाला. आमच्या अल्बममध्ये तिसऱ्या पावलानंतर थेट मागचं पुठ्ठं येतं. वर्षातून दोनदा तरी मला ऐकावं लागतं, "उरलेली चार पावलं तुम्ही टाकलीत याला पुरावा काय?"

असो. पहिला स्टुडिओ बाणेरला. थंडगार अंधारी खोली, भिंतभर टीव्ही आणि न मागता आलेली कॉफी. कॉफी न मागता आली की बिल मोठं असतं, एवढं मला कळतं.

"सर, एका साइडचं करायचंय की दोन्ही साइडचं?"

"दोन्ही साइडने काढा की. मुलगी दोन्हीकडून छान दिसते."

मुलीने कपाळाला हात लावला. साइड म्हणजे पक्ष, मुलीकडचा आणि मुलाकडचा, आणि दर पर साइड असतो. दीड लाख, एका साइडचे. वर १८ टक्के जीएसटी. हार्ड डिस्क आपली आपण आणायची.

मग प्रकार. ट्रॅडिशनल फोटोत माणसं कॅमेऱ्याकडे बघतात, कँडिडमध्ये बघत नाहीत. न बघण्याचा दर जास्त! 'इकडे बघा, इकडे बघा' म्हणून घसा कोरडा करणारा स्वस्त, आणि तोंडातून अवाक्षर न काढणारा महाग. शिवाय दोघंही घ्यावे लागतात, कारण आजीला ट्रॅडिशनल लागतो आणि इन्स्टाग्रामला कँडिड.

त्याने एक नमुना दाखवला. कन्यादानाच्या वेळी मुलीचे वडील ढसाढसा रडतायत, नाकाच्या शेंड्यावर थेंब, त्यात समईची ज्योत. थेंब खरंच सुंदर आला होता.

"तुम्ही रडणारे आहात का सर? म्हणजे एक कॅमेरा तुमच्यावरच लावून ठेवतो."

"भारत हरला की रडतात," हिने परस्पर सांगून टाकलं.

"चालेल," असं म्हणून त्याने ते वहीत लिहून घेतलं.

दुसरा ड्रोनवाला निघाला. ड्रोन २४९ ग्रॅमचा आहे, २५० पर्यंतचा नॅनोत, म्हणजे सगळ्यात लहान ड्रोनच्या वर्गात बसतो, असं त्याने सोनाराच्या अदबीने सांगितलं. मी म्हटलं, आमच्या कार्यालयाला छप्पर आहे. तो म्हणाला, पार्किंगचं शूट करू. प्री-वेडिंगसाठी त्याला वाईजवळचा मेणवलीचा घाट हवा होता, तोही सूर्योदयाला. म्हणजे पुण्यातून रात्री तीनला निघायचं, आणि चार वर्षं एकाच ऑफिसात बसणाऱ्या दोघांनी घाटाच्या पायऱ्यांवर एकमेकांना पहिल्यांदाच बघितल्यासारखं दचकायचं. जावईबापूंना मी हे फोनवर सांगितलं. ते खरंच दचकले.

तिसऱ्याने बसल्या बसल्या मुहूर्त विचारला. बारा सतरा, म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. "सर, तेव्हाचा लाइट फार हार्श. डोळ्यांखाली काळं येतं. गोरज मिळतो का बघा ना, गोल्डन आवर असतो."

गोधूळ उडते ती यांच्या लाइटसाठी, हे आमच्या आजोबांना कुणी सांगितलं नव्हतं!

हिचा मात्र तिन्ही ठिकाणी एकच प्रश्न होता, "सप्तपदीची सातही पावलं येतील ना?" पहिला म्हणाला, हायलाइटमध्ये दोन घेतो. दुसरा म्हणाला, स्लो मोशनमध्ये सात बोअर होतात. तिसऱ्याने विचारलं, "सप्तपदी म्हणजे ते हार घालतात, तेच ना काकू?" ही चप्पल शोधायला लागली.

तरी मी गुरुजींना फोन केला, गोरज मुहूर्ताचं विचारायला. पलीकडून मोठा सुस्कारा आला. "या महिन्यातले तुम्ही चौथे. फोटोवाला ठरला नसेल तर आमचा भाचा करतो बघा हे काम."

भाचा घरी आला. पाठीवर सॅक, पायांत साध्या चपला, चहा बशीत ओतून प्यायला. त्याने टीव्हीवर काही लावलं नाही. मीच विषय काढला. मागच्या लग्नात मला मंगलाष्टका नुसत्या ऐकू आल्या होत्या. नवरानवरीच्या मध्ये एक अंतरपाट, आणि त्यांच्या नि आमच्यामध्ये काळ्या टी-शर्टांचा दुसरा. पहिला निदान शेवटच्या 'सावधान'नंतर तरी बाजूला झाला.

"मी समोर उभाच राहत नाही काका," तो म्हणाला. "मागच्या रांगेतल्या आज्यांचा नेम चुकतो, अक्षता मानेत जातात. बाजूला स्टूल टाकतो."

हिने खुर्ची पुढे ओढली. "सप्तपदीची सातही पावलं?"

"दोन कॅमेरे लावतो. आणि सातव्याला मामा जरा सावकाश म्हणेल, तसं ठरलेलंच असतं आमचं."

ही आत गेली आणि ॲडव्हान्सचं पाकीट घेऊनच बाहेर आली. इतकी वर्षं मी तिला एवढ्या चटकन कुणावर विश्वास टाकताना पाहिलेलं नाही, मी धरून. पाकीट त्याच्या हातात देता देता तिने हळूच विचारलं, "त्याच दिवशी आमची राहिलेली चार पावलं पण घेशील का रे?"

त्याने माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, मग पाकिटाकडे.

"घेतो की काकू. फक्त ती साइड वेगळी धरावी लागेल."