मालकाचं उत्तर: सकर देणं आमचंच चुकलं, पण मासे आजारी नव्हते

नमस्कार ताई,

पाँडमधल्या शेवाळासाठी आमच्या दुकानातून दोन सकर मासे आणि सोबत सहा शुबंकिन (गोल्डफिशचीच एक जात) नेले, पाणी हिरवं ते हिरवंच राहिलं आणि तीन आठवड्यांत तुमचा मोठा कोई (शोभेचा कार्प मासा) गेला, ‘आजारी माल विकतात’ असं तुम्ही लिहिलंत. एक स्टार. उत्तराला उशीर झाला, कारण आधी पाँड डोळ्यांनी बघायचा होता. परवा बघू दिलात, वर चहाही पाजलात, आभार.

सकर कोईंसोबत द्यायलाच नको होता. पाँडमध्ये काय आहे हे न विचारताच काउंटरवरच्या मुलाने पिशवी बांधली. सकर लहानपणी शेवाळ खातो, पण मोठा झाला की रात्री स्वस्थ बसलेल्या कोईला चिकटून अंगावरचा बुळबुळीत थर खरवडतो. तुमच्या दुसऱ्या कोईच्या कुशीवर रुपयाएवढा लाल चट्टा दिसला ना, खवले उचकटलेला? तो तसलाच वाटतो. थर गेला की जंतूंना वाट मोकळी.

बरं, पाणी हिरवं करणारं शेवाळ तरंगतं, ते सकर खातच नाही. त्याला यूव्ही दिवा आणि थोडी सावली लागते. हेही तेव्हाच सांगायला हवं होतं.

‘आजारी’ हा शब्द मात्र मान्य नाही. सहाही शुबंकिन ठणठणीत आहेत, अंगावर एक पांढरा ठिपका नाही. आमच्याकडे नवा माल दोन आठवडे वेगळ्या टाकीत असतो. तरी घरी नेल्यावर पुन्हा वेगळ्या टबात ठेवायचा असतो, तुम्ही पिशवीतल्या पाण्यासकट थेट पाँडमध्ये ओतलेत. आणि तीन हजार लिटरमध्ये पाच कोई असताना एकदम आठ मासे वाढले, फिल्टर तेवढाच. तुमच्यासमोर टेस्ट केली तेव्हा नळीतलं पाणी पिवळं राहायला हवं होतं, ते हिरवट झालं. तो अमोनिया, माशांच्या घाणीतून होणारं विष. वाढलेली घाण पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये तयार व्हायला काही आठवडे जातात.

सकर मी परत आणलेत, त्यांचे पैसे आजच पाठवतो. (लोक असले सकर नदीत सोडतात आणि मग उजनीच्या मच्छीमारांची जाळी फाटतात.) गेलेल्या कोईच्या जागी आमच्याकडचा एक कोई माझ्यातर्फे. पण आत्ता नाही. तोवर खाणं निम्मं करा, दर दोन दिवसांनी थोडं पाणी बदला, क्लोरीन काढूनच. सलग दोन आठवडे नळी पिवळी दिसली की फोन करा, मासा मीच घेऊन येतो. टबही आणतो.