काचबिंदू झाला म्हणून अल्झायमर ठरलेला नसतो

रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: काचबिंदू म्हणजे डोळ्यातला अल्झायमर, डोळ्यातलं प्रेशर वाढलं की मेंदूही सुकतो, काचबिंदूच्या थेंबांनी विसराळूपणा येतो, म्हणून ते बंद करा, आणि डोळ्याच्या स्कॅनमध्ये अल्झायमर आधीच कळतो. मी कोल्हापुरात डोळ्यांच्या दवाखान्यात फील्ड टेस्ट, म्हणजे मधली आणि कडेची नजर किती शाबूत आहे याची तपासणी, घेते. असं वाचून कुणी थेंब सोडले, तर जाणारी नजर परत आणता येत नाही.

दोन्ही आजारांत साम्य आहे, हे खरं. दोन्हींत चेतापेशी हळूहळू मरतात, दोन्ही वयाबरोबर वाढतात. काचबिंदूत खराब होणारी डोळ्याची नस मेंदूचाच भाग मानली जाते, आणि अल्झायमरमध्ये मेंदूत साठणारं अमायलॉइड हे प्रथिन काचबिंदू झालेल्या प्रयोगशाळेतल्या प्राण्यांच्या डोळ्यांतही आढळलं आहे. पण माणसांवरच्या मोठ्या पाहण्यांचं एकमत नाही. डेन्मार्कच्या नोंदींत काचबिंदूवाल्यांना स्मृतिभ्रंशाचा (अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार) जादा धोका दिसला नाही. तैवानमध्ये दिसला, तो प्रेशर नॉर्मल असूनही काचबिंदू होणाऱ्यांत. म्हणजे प्रेशरचा मुद्दा तिथेच लंगडा पडतो. शिवाय दोन आजार एकाच माणसात सापडले म्हणजे एकाने दुसरा आणला, असं होत नाही.

सगळ्यात घातक सल्ला थेंब सोडण्याचा. टेस्टला बसलेले आजोबा पांढऱ्या गोलात बघत असतात, हातात बटण, प्रकाशाचा ठिपका दिसला की दाबायचं. कडेचे ठिपके एकामागून एक निघून जातात, बटण वाजतच नाही. बाहेर येऊन मात्र म्हणतात, "दिसतंय की सगळं, डोळ्याला काय झालंय?" काचबिंदू दुखत नाही, आधी कडेची नजर खातो.

मेसेजमध्ये खरा अंश एवढाच: टिमोलॉलसारखे थेंब थोडे रक्तात उतरतात. त्याने नाडी मंदावते, दम्याच्या रुग्णाला धाप लागते, क्वचित वयस्कर माणूस गोंधळतो. तसं झालं तर डॉक्टरांना सांगायचं, ते औषध बदलतात. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाकडचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरला, तर अंगात कमी जातं.

उलट, न दिसणं हेच पुष्कळदा विसरणं समजलं जातं. आजींना ताटाच्या कडेची चटणी दिसत नाही, गल्लीत शेजारीण बाजूने गेलेली कळत नाही, आणि घरचे म्हणतात, आज्जी विसरायला लागली. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटाने 2024 मध्ये स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे 14 धोके सांगितले, त्यांत उपचार न केलेल्या दृष्टिदोषाचं नावही आहे. थेंब बंद करणारा आपला धोका वाढवून घेतोय.

राहिला स्कॅन. अल्झायमरच्या रुग्णांत डोळ्याच्या आतल्या पडद्याचा थर सरासरीने पातळ आढळतो. तो काचबिंदूतही पातळ होतो. एकट्या माणसाचं निदान त्यावरून होत नाही. विसराळूपणाची शंका असेल तर मेंदूविकारतज्ज्ञांकडे जा, बी-12 आणि थायरॉइड तपासून घ्या, आणि तोवर रात्रीचा थेंब चुकवू नका.