थंड कॉफीत नारळाचं दूध गोठतं, बदामाचं फाटतं: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

गाई-म्हशीच्या दुधाशिवाय करायच्या थंड कॉफीच्या आमच्या कृतीवरची तुमची प्रतिक्रिया रोखठोक आहे, म्हणून उत्तरही तपशिलात देतो. तुमच्या तक्रारी अशा: नारळाच्या दुधाच्या कॉफीवर मेणासारखे पांढरे कण तरंगले, बदामाचं दूध कॉफी पडताच फाटलं आणि दहा मिनिटांत पेल्यात नुसतं पाणी उरलं. त्यावरून तुम्ही म्हणता की गाई-म्हशीच्या दुधाशिवाय घरी थंड कॉफी जमतच नाही, त्यापेक्षा कॉफीत घालायची ‘नॉन-डेअरी’ (म्हणजे दुग्धजन्य नसलेली) पावडर बरी. तक्रारी तिन्ही खऱ्या आहेत. त्यातल्या दोन तर आमच्या कृतीतल्या त्रुटींमुळेच आल्या. निष्कर्ष मात्र पटत नाही.

आधी नारळ. ते दूध फाटलेलं नव्हतं, गोठलेलं होतं. खोबरेल तेल साधारण 24 अंश सेल्सिअसच्या खाली घट्ट होतं. हिवाळ्यात बाटलीत होतं तसंच. नारळाच्या पहिल्या, दाट दुधात हीच चरबी भरपूर असते. बर्फ लागला की तिचे कण होतात. फ्रिजमध्ये ठेवलेल्या सोलकढीवर येणारा थर आठवा. आम्ही कृतीत नुसतं ‘नारळाचं दूध’ लिहिलं, ‘दुसरं, पातळ दूध’ लिहायला हवं होतं. नारळाचीच चव हवी असेल तर अर्धं पातळ नारळाचं आणि अर्धं काजूचं दूध मिक्सरमधून एकत्र फिरवून घ्या आणि लगेच प्या.

बदामाचं कारण वेगळं. कॉफी आम्लधर्मी असते. आम्ल आणि उष्णता एकत्र आली की बदाम किंवा सोयाच्या दुधातली प्रथिनं गोळा होतात. आमच्या कृतीत ‘डिकॉक्शन (फिल्टरमधून उतरलेला कॉफीचा दाट अर्क) गार करून’ हे शब्दच नव्हते, ती दुसरी त्रुटी. डिकॉक्शन आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग तासभर फ्रिजमध्ये ठेवा. पेल्यात आधी दूध घ्या आणि त्यावर डिकॉक्शन बारीक धारेने ओता, म्हणजे आम्ल हळूहळू मिसळतं. कॉफी हलकी भाजलेली असेल तर आम्ल जास्त जाणवतं, म्हणून गडद भाजलेली घ्या.

खरं तर पहिल्यांदा करणाऱ्यांनी बदाम सोडून काजूच घ्यावा. आख्खा नको, तुकडा काजू चालतो. 60 ग्रॅम काजू चार तास भिजवा, ते पाणी टाकून द्या. आधी फक्त 100 मिली पाण्यात अगदी गंधासारखं वाटा, मग 300 मिली गार पाणी आणि चिमूटभर मीठ घालून पुन्हा फिरवा. सुरुवातीलाच सगळं पाणी ओतलं तर काजू पात्याखालून निसटतात आणि दूध कणीदार राहतं. नीट वाटलं तर गाळावं लागत नाही, चोथा वाया जात नाही. तीन पेल्यांना पुरतं, फ्रिजमध्ये दोन दिवस टिकतं. खर्चाचा मुद्दा तुम्ही काढलात, तर हा हिशेब तयार बदाम दुधाच्या खोक्याशी ताडून पाहा.

कॉफीचं प्रमाण: फिल्टरमध्ये 20 ग्रॅम पूड आणि 120 मिली उकळतं पाणी. पूड बरंच पाणी धरून ठेवते, त्यामुळे खाली साधारण 80 मिली डिकॉक्शन मिळतं. तेवढ्यात दोन पेले होतात: प्रत्येकी 40 मिली डिकॉक्शन, 120 मिली काजूचं दूध. साखर थंडात लवकर विरघळत नाही, तळाशी बसते. दोन चमचे काकवी घाला, ती लगेच मिसळते. थंड पेयात गोडी कमी लागते, त्यामुळे गरम कॉफीच्या अंदाजाने घातली तर कमी पडेल.

आता पाणचटपणा. ट्रेमधला एक खडा सुमारे 15 ते 20 मिलीचा. पाच खडे वितळले की 75 ते 100 मिली पाणी, म्हणजे जवळजवळ दुधाइतकंच! गरम डिकॉक्शनवर ते भराभर वितळतात. सगळं आधीच गार असेल तर बर्फ टिकतो. त्याहून चांगलं म्हणजे डिकॉक्शनचेच खडे करून ठेवावेत. ते वितळले तरी कॉफीच वाढते.

शेवटचा मुद्दा, आणि हा चवीचा नाही. ‘नॉन-डेअरी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच पावडरींमध्ये सोडियम केसिनेट असतं, आणि ते दुधातलंच प्रथिन आहे. लॅक्टोज (दुधातली साखर) पचत नाही अशा माणसाला ते बहुधा चालून जाईल. दुधाची ॲलर्जी असलेल्याला त्यातून गंभीर त्रास होऊ शकतो. ‘डेअरी व्हाइटनर’ तर सरळ दुधाचीच पावडर. घरात कोणाला ॲलर्जी असेल तर पाकिटाच्या मागची घटकांची यादी आणि ॲलर्जीची सूचना वाचल्याशिवाय यातलं काहीही पेल्यात घालू नका. मूळ कृतीत वरच्या दोन्ही दुरुस्त्यांसोबत ही सूचनाही आज घातली आहे.