अकराची पंगत

कोजागरी झाली आणि नणंदेचा पुण्याहून फोन आला. "वहिनी, जेवणाचा घाट अजिबात घालू नकोस. रविवारी साधं ब्रंच ठेव. सगळं आदल्या दिवशी करून ठेवायचं, म्हणजे तुलाही आमच्यात बसता येईल."

आमच्यात बसता येईल, एवढ्यावर मी विरघळले. लग्नाला १९ वर्षं झाली, घरात पाहुणे असताना मला बसलेली कुणी पाहिलेलं नाही.

सासूबाई लसूण सोलत होत्या. त्यांना सांगितलं, अकरा वाजता खायचं, नाश्ता आणि जेवण एकातच. त्यांचा हात थांबला.

"म्हंजे न्याहारीबी न्हाई आन् जेवाणबी न्हाई. पितृपंधरवडा तर झाला की गं."

"आणि सगळं आदल्या दिवशीच करायचं."

"शिळं व्हय?"

पुढे मी काही बोलले नाही. कोल्हापुरात रविवारी सकाळी मिसळ आणि दुपारी मटण. मधल्या वेळात रंकाळ्यावर एक चक्कर, नाहीतर मटणाच्या दुकानापुढची रांग. अकरा ही वेळ ढेकर देण्याची.

तरी वही घेतली. ब्रंचच्या फोटोंत शरद ऋतू म्हणजे भोपळा, लाल पानं आणि लोकरीची शाल. आमच्या आश्विनात त्यातला फक्त भोपळा मिळतो, बाकी सगळं ऊन. म्हणून पहिलं नाव लिहिलं घारगे. भोपळा किसून गुळात शिजवायचा, त्यात मावेल तेवढी कणीक, तळून डब्यात. दोन दिवस सहज राहतात. आमच्या गुळाला भौगोलिक मानांकन आहे, माझ्या घारग्यांना अजून घरातलंही मिळालेलं नाही. मग मटकीची उसळ आणि कट, कारण कट मुरलेलाच चांगला. इडलीचं पीठ. रात्रभर टांगलेला चक्का, सकाळी नुसती साखर घोटली की श्रीखंड. सासऱ्यांनी वही पाहून "वैद्यानां शारदी माता" म्हटलं, या दिवसांत पित्त खवळतं म्हणून सावध केलं, आणि भजी नाहीत का असं विचारलं.

शनिवारी सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत मी ओट्याशी उभी होते. उन्हाळ्यात डंकावर कांडून आणलेली चटणी बरणीच्या तळाला गेली होती. (पुणेकरांसाठी: चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला. ताटात डावीकडे वाढतात ती नव्हे.) चमचा पोचेना, म्हणून मनगटापर्यंत हात घातला. त्यानंतर तासाभराने तोच हात डोळ्याला लावला.

फ्रिज १९० लिटरचा. कटाचं पातेलं ठेवायला दुधाची पिशवी काढली, दुधाला जागा करायला पालेभाजी काढली, आणि भाजी कुठे ठेवावी याचा विचार करत मी तिथेच उघड्या फ्रिजपुढे पाच मिनिटं गार हवा खात बसले. दिवसभरातलं माझं बसणं तेवढंच. इडलीचं पीठ बाहेरच राहिलं.

थंडीत जे पीठ बारा-बारा तास ढिम्म हलत नाही, ते ऑक्टोबरात कुणाची वाट बघत नाही. रात्री दोनला झाकण पडल्याचा आवाज आला. बघते तर पीठ डब्यातून उतरून, ओटा ओलांडून घारग्यांच्या डब्याकडे निघालेलं. वर चक्क्याचं फडकं एका लयीत त्याच पिठावर ठिबकत होतं. ओटा पुसायला तीन फडकी लागली. झोपताना सासूबाईंच्या खोलीतून आवाज आला, "झालं का गं आदल्या दिवशीचं?"

सकाळी कटाचं पातेलं काढलं. खोबऱ्याच्या तेलाचा तवंग गोठून वर शेंदरी पापुद्रा धरला होता, बोटाने दाबला तर टिचला. गॅसवर तो कडेकडेने वितळला, घरभर वास सुटला, आणि पहिल्यांदाच वाटलं की जमतंय बहुतेक.

पाहुणे साडेअकराला आले. नणंद हसत म्हणाली, "येताना मिसळ खाल्ली गं. म्हटलं, ब्रंचच आहे, हलकंफुलकं असेल." मिसळीवर मिसळ कोण खाणार? चौघांत मिळून सहा इडल्या आणि दोन घारगे संपले. श्रीखंडाला "थोडंसंच" म्हणत सगळ्यांनी वाटीला बोट लावलं. मी मात्र खरंच त्यांच्यात बसले. दहा मिनिटं.

कारण दाराशी नवरा उभा, हातात दोन किलोची काळी पिशवी. सासूबाईंनी त्याला सातलाच रांगेत उभं केलं होतं. "जावईबापू आलेत, आन् जेवायला काय द्यायचं?" त्या पदर खोचत आत आल्या. अडीचला तांबडा-पांढरा झाला, तीनला पंगत उठली. नणंद जाताना म्हणाली, "वहिनी, ब्रंच लय भारी झालं."

मंगळवारी गॅस एजन्सीची गाडी आली, पाणी गेलं, कशाचा कशाला मेळ नाही. न्याहारी राहूनच गेली आणि स्वयंपाकाला अजून अवकाश होता. अकराला आम्ही दोघी ओट्यालगत खाली बसलो, उरलेला कट गरम केला, पाव नव्हता म्हणून त्यात घारगेच बुडवले. सासूबाईंनी दुसरा घारगा उचलला.

"हे व्हय ते?" त्या म्हणाल्या. "बरं लागतंय की."